पाणी पंचायत

पाणी पंचायत : गावाच्या परिसरात साठविलेले व उपसलेले पाणी जमिनीच्या मालकीच्या प्रमाणात न वाटता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार वाटून घेणारी व त्या वाटपाचे नियम स्वतःच अंमलात आणणारी शेतकऱ्यांची संघटना. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे (१९३७–२००२) या अभियंत्याने स्वतःच्या पुढाकाराने केलेल्या प्रयोगातून ही पद्धती उदयास आली. पंचायत राज्य व्यवस्थेतील ग्रामपंचायतीशी तिचा संबंध नाही. तिला सुरुवातीस कायद्याचे पाठबळ नव्हते. सभासदांनी मान्य केलेले नियम आणि ते मोडणाऱ्यास सर्वांसमोर द्यावा लागणारा जबाब, एवढेच तिचे अधिष्ठान होते. एका व्यक्तीच्या प्रयत्नातून सामूहिक नियम कसा तयार होतो आणि ती व्यक्ती गेल्यानंतर त्या नियमाचे काय होते, या दोन्ही दृष्टींनी पाणी पंचायतीचा इतिहास अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या अग्निजन्य खडकाने (बेसाल्टने) व्यापलेला आहे. या खडकाची पाणी साठविण्याची शक्ती मर्यादित असून त्यातील भेगांत व मुरमाड थरांत जेवढे पाणी मुरते, तेवढेच विहिरींना मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा मुसळधार पाऊस पूर्वेकडे थोड्याच अंतरात झपाट्याने घटतो आणि घाटमाथ्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. पुरंदर तालुक्यात हा फरक एकाच तालुक्याच्या हद्दीत पाहावयास मिळतो. पश्चिमेकडील डोंगराळ भागात भात पिकू शकतो. तर पूर्वेकडे वार्षिक पर्जन्यमान ५०० मिमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असून तोही पाऊस थोड्या दिवसांत व अनियमितपणे पडतो. कऱ्हा ही या तालुक्याची मुख्य नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा नदी वाहते. तिच्या पाण्यावर १८८५ मध्ये डावा कालवा सुरू झाला, परंतु कालव्याचे पाणी उताराने खाली बारामती व इंदापूरकडे जाते. पुरंदरच्या उंचावरील माळांना ते लाभले नाही. शेजारच्या तालुक्यात उसाचे मळे व साखर कारखाने आणि आपल्याकडे कोरडवाहू बाजरी, हा विरोधाभास पुरंदरच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता.

सलग अपुऱ्या पावसामुळे १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. राज्य शासनाने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लक्ष मजूर होते. आयात केलेला लाल मिलो आणि कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण ग्रामीण महाराष्ट्रात पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. या कामांमुळे मोठी मनुष्यहानी टळली, हे निर्विवाद होय. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात राज्यव्यापी रूप मिळाले व १९७७ मध्ये तिचा कायदाही झाला. तथापि दुष्काळी कामांपैकी पुष्कळशी खडी फोडण्याची व रस्त्यांची होती. ज्या कारणाने माणसे कामावर आली, ते कारण म्हणजे पाण्याचा अभाव, त्या कामांमुळे दूर होणार नव्हते. पुढच्या दुष्काळात तीच माणसे पुन्हा तशाच खडीवर बसणार, हे उघड होते.

नायगावचा प्रयोग : विलासराव साळुंखे हे पुण्यात सूक्ष्म मापनाच्या उपकरणांचा कारखाना चालविणारे यशस्वी उद्योजक होते. शेती हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि पुरंदर हे त्यांचे कार्यक्षेत्रही नव्हते. दुष्काळात मदतीच्या निमित्ताने ते या भागात हिंडले, तेव्हा खडी फोडणारे शेतकरी त्यांच्या दृष्टीस पडले. हेच श्रम माती अडविण्यासाठी व पाणी मुरविण्यासाठी लावले तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी शासकीय अधिकाऱ्यांपुढे मांडला आणि पाणलोट क्षेत्राच्या आधारे कामांची आखणी करण्याविषयी प्रयत्न केले. अशा सूचनांना मिळणारा प्रतिसाद प्रशासनाच्या ठराविक चौकटीत अडकतो, हा अनुभव त्यांनाही आला. त्यानंतर त्यांनी जे केले, त्यामुळे त्यांचा मार्ग इतर हितचिंतकांहून वेगळा ठरला. निवेदने देत राहण्याऐवजी त्यांनी तालुक्याच्या पूर्व भागातील नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर (१६ हे.) जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि तेथेच राहून काम करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कार्यात प्रारंभापासून सहभागी होत्या. १९७४ मध्ये या कार्यासाठी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन करण्यात आली.

ही जमीन उताराची, धूप झालेली व जवळजवळ नापीक होती. गावातील कोणीही जिच्यावर मेहनत करण्यास तयार नव्हते, अशी जमीन निवडण्यामागे हेतू होता. चांगल्या जमिनीवर चांगले पीक काढून दाखविल्याने कोणाचीच खात्री पटली नसती. उतारावर समपातळीत मातीचे बांध घालण्यात आले. ओघळींना ताली व नाला-बांध घालून वाहत्या पाण्याचा वेग कमी करण्यात आला. उताराच्या पायथ्याशी एक पाझर तलाव बांधला व त्याच्या खालच्या अंगास विहीर खोदली. तलावातून मुरलेले पाणी विहिरीत उतरे. ते पंपाने पुन्हा वर चढवून शेतास दिले जाई. जी जागा पिकाच्या उपयोगाची नव्हती, तेथे झाडे व गवत लावले.

यामागील हिशेब साधा आहे. १६ हेक्टर क्षेत्रावर वर्षात ४०० मिमी. पाऊस पडला, तर त्या क्षेत्रावर ६४,००० घ.मी. पाणी पडते. त्यातील बहुतांश पाणी काही तासांच्या पावसात मातीसकट वाहून जाते. त्याचा चौथा हिस्सा जरी अडविता व मुरविता आला, तरी १६,००० घ.मी. पाणी हाती राहते आणि पिकाला ऐन गरजेच्या वेळी दोन-तीन पाळ्या देण्यास ते अनेक हेक्टरांना पुरते. दुष्काळी प्रदेशातही पाऊस मुळीच पडत नाही असे नसून पडलेला पाऊस तेथे थांबत नाही, ही गोष्ट नायगावच्या माळावर डोळ्यांनी पाहता येऊ लागली. काही वर्षांतच त्या माळावर पूर्वीच्या कित्येक पट धान्य येऊ लागले आणि आसपासचे शेतकरी ते पाहण्यास येऊ लागले.

मृद्‌संधारणाचे व पाझर तलावाचे तंत्र महाराष्ट्रास नवे नव्हते. शासनाच्या कृषी खात्याने बांध-बंदिस्तीची कामे त्यापूर्वीच हजारो हेक्टरांवर केलेली होती. नायगावचे वेगळेपण तंत्रात शोधणे म्हणूनच योग्य ठरणार नाही. पाणी तयार झाल्यावर ते कोणाचे, या प्रश्नाला तेथे जे उत्तर दिले गेले, त्यात ते आहे.

पाण्याच्या मालकीचा प्रश्न : भारतात १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून जमिनीखालील पाणी हा जमिनीच्या मालकीचा भाग मानला गेला. ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी. कालव्याच्या पाण्याचा हक्कही कालव्याच्या लाभक्षेत्रात जमीन असण्यावरच अवलंबून राहिला. अशा व्यवस्थेत जलसंधारणाचे सार्वजनिक काम झाले, तरी त्याचा लाभ जमिनीच्या व पंपाच्या प्रमाणात मिळतो. पाझर तलाव सर्वांच्या श्रमाने व सार्वजनिक पैशाने उभा राहतो. त्याच्या खाली ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना मात्र त्याचे पाणी विनामूल्य मिळते. तलाव बांधणारा भूमिहीन मजूर काम संपल्यावर दुसरे काम शोधू लागतो. महाराष्ट्रातील पाणलोट विकासाच्या अनेक योजनांत हे घडले आहे व त्याची नोंद अहवालांतून क्वचितच झालेली आढळते.

ऊस या पिकाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राचा अगदी अल्प भाग उसाखाली असून सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी तो घेतो. उपलब्ध असलेले सर्व पाणी अडविले, तरी महाराष्ट्रातील सुमारे एक-तृतीयांशाहून फार अधिक शेतजमीन भिजू शकणार नाही, असे जलतज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. म्हणजे पाणी जमिनीला द्यावयाचे ठरविले, तर दोन-तृतीयांश जमीन कायमची वगळावी लागते. पाणी माणसाला द्यावयाचे ठरविले, तर प्रत्येकाला थोडे थोडे पुरू शकते. पाणी पंचायतीचा मूळ विचार तो हाच.

वाटपाचे नियम : सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस नायगाव व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या गटांबरोबर चर्चा होऊन हे नियम निश्चित झाले. पहिला नियम असा, की योजना एकट्यादुकट्यासाठी हाती घ्यावयाची नाही; एकत्र येण्यास तयार असलेल्या गटालाच साहाय्य द्यावयाचे. पाण्याचा हक्क माणशी अर्धा एकर भिजेल एवढा व एका कुटुंबाला अधिकात अधिक पाच माणसांचा, म्हणजे अडीच एकरांचा (सु. १ हे.), ठरविण्यात आला. हा हक्क जमिनीशी जोडलेला नव्हता. एखाद्याने जमीन विकली, तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकत घेणाऱ्याकडे जात नसे, तो गटाकडे परत येई. गावातील भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळे. ऊस, केळी यांसारखी वर्षभर पाणी पिणारी पिके घेण्यास मनाई होती. ज्वारी, गहू, हरभरा, भुईमूग, कांदा, भाजीपाला अशी हंगामी पिके घ्यावयाची. योजनेच्या भांडवली खर्चापैकी २० टक्के वाटा सभासदांनी आरंभीच रोख उभा करावयाचा; सर्वसाधारणपणे ५० टक्के शासनाकडून अनुदान रूपाने व उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जाऊ, अशी आर्थिक मांडणी असे.

माणशी अर्धा एकर हे प्रमाण अंदाजाने ठरविलेले नव्हते. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौ.मी. हंगामी पिकांना वर्षभरात मिळून अर्धा मीटर खोलीचे पाणी लागते असे धरले, तर माणशी १,००० घ.मी. पाणी पुरते. उलटपक्षी, एक एकर उसाला दोन मीटर खोलीचे पाणी धरले, तर ते सुमारे ८,००० घ.मी. होते. एका शेतकऱ्याचा एक एकर ऊस म्हणजे आठ माणसांचा वर्षाचा पाण्याचा वाटा. ऊसबंदीचा नियम नैतिक आग्रहातून आला नसून या त्रैराशिकातून आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यावरील बरेचसे वाद निरर्थक ठरतात.

नियमांचा व्यावहारिक परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दहा एकर जमीन व घरात तीन माणसे असलेल्या शेतकऱ्यास दीड एकरापुरते पाणी मिळे. दोन एकर जमीन व घरात पाच माणसे असलेल्यास अडीच एकरांपुरते. दुसऱ्याकडे पाणी आहे पण तेवढी जमीन नाही. पहिल्याकडे जमीन आहे पण तेवढे पाणी नाही. अशा वेळी दुसऱ्याने पहिल्याची अर्धा एकर जमीन वाट्याने करावी, हा सरळ मार्ग होता. भूमिहीनाच्या हक्कालाही याच मार्गाने अर्थ प्राप्त होणार होता. गावातील मोठा शेतकरी लहान शेतकऱ्याकडे किंवा मजुराकडे पाण्यासाठी बोलणी करावयास जाईल, ही कल्पनाच खेड्यातील परंपरागत संबंधांना उलटे करणारी होती. मोठ्या जमीनदारांपैकी काहींनी प्रारंभी योजनेपासून दूर राहणे पसंत केले, यात नवल नाही. आश्चर्य वाटावे ते याचे, की काही जण तरीही सामील झाले. पाण्यावाचून पडलेल्या दहा एकरांपेक्षा खात्रीच्या पाण्याचे दीड एकर अधिक पिकते, हे त्यांनी ओळखले होते.

दैनंदिन व्यवस्था : प्रत्येक गट आपल्यातून पंच निवडीत असे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. कोणाला किती तास पाणी द्यावयाचे हे कुटुंबाच्या वाट्यावरून ठरलेले असल्याने पाटकऱ्याला निर्णय घ्यावा लागत नसे, घड्याळ पाहावे लागे. जॅकवेल, नदीकाठची किंवा तलावाखालची विहीर, पंप, चढती नलिका व वितरण कुंड्या, अशी उपसा योजनेची साधारण रचना होती. विजेचे बिल, पाटकऱ्याचा पगार व दुरुस्ती यांसाठी सभासदांकडून वर्गणी घेतली जाई. वर्गणी थकविणाऱ्याची पाळी बंद होई. पाऊस कमी झाला, तर सर्वांचा वाटा सारख्याच प्रमाणात कमी केला जाई. आधी पाट ज्याच्या शेतावरून जातो त्याचे भागवून मग उरलेले पुढच्यास, अशी कालव्यांवर सर्रास आढळणारी स्थिती येथे मान्य नव्हती.

प्रतिष्ठानची भूमिका प्रारंभी मोठी असे व हळूहळू ती कमी व्हावी अशी अपेक्षा असे. तांत्रिक पाहणी, आराखडा, शासनाकडील प्रकरणे, यंत्रांची खरेदी ही कामे प्रतिष्ठान करी आणि योजना सुरळीत झाल्यावर ती गटाच्या स्वाधीन होई. सभासदांचा २० टक्के हिस्सा आधी जमा झाल्याखेरीज काम सुरू करावयाचे नाही, यावर साळुंखे यांचा कटाक्ष होता. गरीब शेतकऱ्याला ही रक्कम जड जाई. ती उभी करण्यासाठी शेळ्या किंवा दागिने विकण्याची पाळी कोणावर येणे शक्य होते. परंतु जी योजना फुकट मिळते, तिचा पंप बंद पडल्यावर दुरुस्तीला कोणी पुढे येत नाही, हा शासकीय उपसा योजनांचा अनुभव त्यांच्यासमोर होता. सहकारी व शासकीय उपसा योजनांपैकी कितीतरी योजना थकलेल्या वीजबिलांमुळे बंद पडलेल्या महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात.

पूर्वपरंपरा : सामूहिक पाणीवाटपाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. खानदेशात व नासिक जिल्ह्याच्या काही भागात पांझरा, मोसम, आरम इ. नद्यांवरील बंधाऱ्यांखाली काही शतके चालत आलेली फड पद्धती तिचे उत्तम उदाहरण होय. [⟶ फड पद्धती]. या पद्धतीत बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि वर्षागणिक फडांची पिके फिरवावयाची. पाटकरी, जागल्या, हवालदार हे तिचे सेवक. शेतकऱ्यांनी स्वतःच चालविलेली ही व्यवस्था मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नजरेत भरली होती, आणि मुंबई इलाख्यातील कालव्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आणलेली गट पद्धती (ब्लॉक पद्धती) हीही पिकांची सांगड घालून पाणी पुरविण्याच्याच विचारावर आधारलेली होती. फड पद्धती व पाणी पंचायत यांत मात्र मूलभूत अंतर आहे. फडात ज्याची जमीन असे त्यालाच पाणी मिळे, जमिनीच्या प्रमाणात मिळे. समतेचा अर्थ तेथे वरच्या व खालच्या शेताला सारखी वागणूक असा होता. माणसामाणसांतील समता तिच्या कक्षेत येत नव्हती.

समकालीन प्रयोगांपैकी हरियाणातील सुखोमाजरी या शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या गावातील प्रयोग यास सर्वांत जवळचा आहे. चंडीगढच्या सुखना तलावात साचणारा गाळ थांबविण्याच्या निमित्ताने मृद्‌संधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे लहान मातीचे बंधारे बांधले. टेकड्यांवर गुरे चारणे थांबवावयाचे, तर ज्यांना जमीन नाही त्यांनाही थांबण्याचे कारण मिळाले पाहिजे. म्हणून तेथेही प्रत्येक कुटुंबास, जमीन असो वा नसो, पाण्याचा सारखा वाटा देण्यात आला. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच निष्कर्षाप्रत यावे, ही बाब लक्षणीय आहे. फरक इतकाच, की सुखोमाजरीत एकक कुटुंब होते, नायगावात माणूस.

प्रसार व प्रभाव : पुरंदर तालुक्यातील अनेक गावांत पुढील दशकात अशा उपसा योजना झाल्या व नायगाव हे जलसंधारणाच्या अभ्यासकांचे व कार्यकर्त्यांचे जाण्या-येण्याचे ठिकाण बनले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पाणलोट कामालाही येथून प्रेरणा मिळाल्याचे सांगितले जाते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण लोकांच्या श्रमाने व नदीतील वाळू मर्यादित प्रमाणात विकून मिळालेल्या पैशाने उभारले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार या चळवळीत अग्रभागी होते आणि भूमिहीनांसह प्रत्येकाला पाण्याचा हक्क हे तत्त्व त्यांनीही स्वीकारले. आटपाडी व परिसरातील तेरा दुष्काळी तालुक्यांत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून झालेल्या पाणी परिषदांतून ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात रूढ झाला. नायगाव व खानापूर यांच्या कार्यपद्धतीत मोठा फरक होता. साळुंखे यांनी आधी दाखवून देण्यावर, व्यवस्थापनावर व शासनाशी वाटाघाटी करण्यावर भर दिला. खानापूर–आटपाडीच्या चळवळीने मोर्चे, परिषदा व जनसंघटन यांवर. साळुंखे यांच्या टीकाकारांनी त्यांचा मार्ग अराजकीय असल्याचा आक्षेप घेतला. तो सर्वस्वी बरोबर नाही. मोठ्या धरणांचे पाणी कोणाला, या प्रश्नावर साळुंखे यांनी अखेरपर्यंत शासनाशी जाहीर वाद घातला. परंतु हा वाद लोकांच्या संघटित शक्तीने पुढे नेण्याची यंत्रणा त्यांच्यापाशी नव्हती, हेही खरे.

मर्यादा : पाणी पंचायतीच्या योजना सर्वत्र सारख्या टिकल्या नाहीत. पाणी कमी असते तोपर्यंत नियम पाळले जातात. ते वाढले, की नियमांवरचा ताण वाढतो. गटाच्या योजनेचा पाझर शेजारच्या खाजगी विहिरींना मिळे आणि त्या विहिरींवर पंचायतीचा नियम चालत नसे. सभासदाने आपल्या वाट्याच्या पाण्यावर कांदा लावावयाचा आणि बांधापलीकडच्या बिगर-सभासदाने विहिरीवर ऊस लावावयाचा, असे दृश्य निर्माण झाल्यावर संयम फार काळ टिकणे कठीण होते. विंधन विहिरी स्वस्त व खोल होत गेल्या, तसतसा हा प्रश्न अधिक बिकट झाला. भूजलावर नियंत्रण आणणारा राज्याचा १९९३ चा कायदा पिण्याच्या पाण्यापुरता होता. २००९ च्या अधिक व्यापक कायद्यालाही राष्ट्रपतींची संमती मिळून तो अंमलात येण्यास काही वर्षे लागली.

भूमिहीनांच्या हक्काचा अनुभवही अपेक्षेहून उणा पडला. तत्त्वतः वाटा होता. पण आरंभीची वर्गणी भरणे आणि वाट्याने जमीन मिळविणे या दोन अडचणी त्यांच्यासमोर होत्या. कूळकायद्याच्या भीतीने जमीनमालक दुसऱ्यास जमीन कसावयास देण्यास कचरत. पाणी व जमीन यांचे हक्क कागदावर वेगळे करता येतात, परंतु पाणी शेवटी कोणाच्या तरी जमिनीवरच द्यावे लागते. त्यामुळे या नियमाचा खरा लाभ भूमिहीनांपेक्षा अल्पभूधारकांना अधिक झाला. ज्यांची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन होती व जे हंगाम संपताच पुण्या-मुंबईस मजुरीसाठी जात, त्यांचे जाणे अनेक ठिकाणी थांबले.

तिसरी मर्यादा व्यक्तीची. साळुंखे यांचे अभियांत्रिकी ज्ञान, उद्योगातून आलेली आर्थिक स्वायत्तता आणि मंत्रालयापर्यंत पोहोचण्याची क्षमता ही इतरांना सहज लाभणारी नव्हती. पंचांमध्ये वाद झाला तर अखेरचा शब्द त्यांचा असे. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हे स्थान रिकामे झाले. ज्या गटांत पंच, पाटकरी व हिशेब यांची घडी बसलेली होती, तेथे काम चालू राहिले. जेथे ती बसलेली नव्हती, तेथे योजना मंदावल्या. दरम्यान शासनाने मुळा-मुठा नदीचे पाणी उचलून तालुक्यात आणणारी पुरंदर उपसा सिंचन योजना हाती घेतली. पुणे शहराचे सांडपाणी मिसळलेले हे पाणी दुरून, मोठ्या उंचीवर चढवून आणावे लागते व त्यास वीज मोठ्या प्रमाणावर लागते. बाहेरून पाणी येणार म्हटल्यावर गावातील पाणी मोजून वापरण्याची निकड कमी झाल्याचे काही निरीक्षकांचे मत आहे. पुरंदरचे अंजीर व सीताफळ यांच्या बागा वाढल्यामुळे हंगामी पिकांच्या मूळ मर्यादेचाही फेरविचार करावा लागला. ही फळझाडे उसाच्या मानाने पाणी कमी घेत असली, तरी वर्षभर जगवावी लागतात.

कायद्यातील पडसाद : महाराष्ट्राने २००५ मध्ये दोन कायदे केले. एकाने पाणीवापर संस्थांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपविण्याची तरतूद केली, दुसऱ्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. पाणी घनमापनाने मोजून संस्थेस द्यावे व संस्थेने ते सभासदांत वाटावे, हे पाणी पंचायतीने अंगीकारलेले तत्त्व त्यांत आले. नासिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझर येथील पाणीवापर संस्थांनी नव्वदीच्या दशकाच्या आरंभापासून याच दिशेने केलेले काम या कायद्यांच्या पूर्वतयारीत मार्गदर्शक ठरले. मात्र पाण्याचा हक्क लाभक्षेत्रातील जमिनीच्या प्रमाणातच राहिला. माणशी वाटा आणि भूमिहीनाचा हक्क ही पाणी पंचायतीची दोन विशेष तत्त्वे सिंचनाच्या कायद्यात समाविष्ट झाली नाहीत.

ओरिसा (आता ओडिशा) राज्याने २००२ मध्ये ‘पाणी पंचायत अधिनियम’ या नावाचा कायदा केला. नाव एकच असले, तरी तेथील पाणी पंचायती या शासकीय सिंचन प्रकल्पांच्या लाभधारकांच्या संस्था असून कालव्यांची देखभाल व पाणीपट्टीची वसुली ही त्यांची मुख्य कामे होत. नायगावच्या पद्धतीशी त्यांचा थेट संबंध नाही.